साथीच्या दिवसांत मदत करायची आहे? सुरुवात आपल्या जिन्यापासून

मे २०२० मध्ये कोरोनामुळे नवी मुंबईत वाशीच्या एपीएमसीतले (कृषी उत्पन्न बाजार समितीतले) पाचही बाजार आठवडाभर बंद ठेवावे लागले. शेजारच्या आमच्या कोपरखैरणेत बरीच घरं माथाडी कामगारांची, म्हणजे त्या बाजारांत मालाची चढउतार करणाऱ्यांची. बाजार बंद म्हणजे त्या घरांची कमाई बंद, आणि वर शेजारीपाजारी त्यांच्याकडेच संशयाने बघायला लागलेले. मदत करायची तळमळ आम्हा चार-पाच जणींना होती, पण कशी करायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग सुचलं ते केलं, जेवणाची पाकिटं वाटली. नंतर कळलं की त्याच गल्लीत आणखी दोन मंडळं पाकिटं देत होती, आणि आमच्या मागच्याच इमारतीत मधुमेहाच्या एक काकू तीन दिवस इन्सुलिनशिवाय होत्या. त्यांना पाकीट नको होतं. कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन यायला हवं होतं, एवढंच.

तेव्हापासून मी कामाची पद्धत बदलली. डॉक्टरांना रोग कळतो, महापालिकेला वॉर्ड कळतो. पण चौथ्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा दुबईला आहे आणि त्यांना दार उघडायला पाच मिनिटं लागतात, हे जिन्यातल्या माणसालाच माहीत असतं. आपल्यासारख्यांनी द्यायची मदत ही या माहितीतून सुरू होते. कोरोना गेला, पण दर पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, गॅस्ट्रो येतातच, त्यामुळे हे काम आमच्याकडे चालूच राहिलं आहे. नव्याने उतरणाऱ्यांसाठी ते क्रमाने लिहिते.

१. हद्द आखा आणि वही घ्या

अख्ख्या नोडची (नवी मुंबईतल्या वाशी, कोपरखैरणे अशा एकेका भागाची) काळजी करू नका. एक इमारत घ्या, फार तर दोन. बैठ्या घरांच्या वस्तीत राहत असाल तर एक गल्ली. तीस-चाळीस घरं एका माणसाच्या नीट लक्षात राहतात, त्यापुढे नुसती यादी होते.

शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक घराला अर्धं पान द्या. घरात कोण कोण राहतं, एकटं कोण आहे, कुणी गरोदर आहे का, लहान मूल आहे का, डायलिसिस असेल तर कुठे आणि कोणत्या वारी, रोजच्या गोळ्या कोणत्या, कोणत्या भाषेत बोललेलं समजतं, आणि परगावच्या नातेवाइकाचा फोन नंबर. साथ यायच्या आधी हे झालेलं असलं तर उत्तम. गणपतीची वर्गणी मागायला दारोदार जातोच, त्याच फेरीत होऊन जातं.

विचारायची पद्धत महत्त्वाची. "तुम्हाला काय काय आजार आहेत?" असं विचारलं की दार बंद होतं. "काकू, रात्री-अपरात्री काही लागलं तर मी कुणाला फोन करू?" असं विचारा, बाकीचं त्या आपणहून सांगतात. टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार यांबद्दल कुणी विश्वासाने सांगितलं तर ते मनात ठेवा, वहीत नको. वही एकाच घरात राहील. तिच्या पानाचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर कधीही टाकायचा नाही.

आणि पहिलं पान वॉचमनचं. जिन्याखाली पंपाच्या खोलीत झोपणारा माणूस कुठल्याच फ्लॅटच्या यादीत नसतो. त्याला ताप आला तर सगळ्यात शेवटी कळतं. समोरच्या बांधकामावरचे मजूर आणि रोज येणाऱ्या कामवाल्या मावशी यांचंही तेच.

२. आरोग्य केंद्रात जाऊन ओळख करून घ्या

प्रत्येक विभागाला महापालिकेचं नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. तुमचं कोणतं ते शोधा आणि गर्दी नसताना जाऊन या. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, नर्सताईंना, तुमच्या गल्लीत येणाऱ्या आशाताईंना भेटा. "आम्ही अमुक करणार आहोत" असं सांगत जाऊ नका. "तुमचं कोणतं काम आमच्या इमारतीत अडतं?" असं विचारा.

आम्हाला मिळालेलं उत्तर अगदी साधं होतं: लोक दार उघडत नाहीत. आशाताई भर उन्हात चार मजले चढून येतात, सेफ्टी डोअरच्या जाळीतून "नको नको, आमच्याकडे सगळं ठीक आहे" ऐकतात आणि खाली उतरतात. ओळखीचं माणूस सोबत असलं की तीच दारं उघडतात. म्हणून सर्वेक्षणाच्या दिवशी त्यांच्याबरोबर फिरणं हे मला सगळ्यात मोलाचं काम वाटतं. पाण्याची बाटली द्या, दोन मिनिटं बसायला खुर्ची द्या, बाथरूम वापरू द्या. आठ-आठ तास वस्तीत फिरणाऱ्या बायकांची या शेवटच्या गोष्टीने किती अडचण होते, याचा विचार फार कमी लोक करतात.

३. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन फिरा

पावसाळ्यातलं सर्वांत मोठं काम हेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातलं सगळं साठवलेलं पाणी रिकामं करायचं, म्हणजे कोरडा दिवस पाळायचा. हा दिवस चुकला की त्या आठवड्याची पिढी उडून जाते. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरड्यात महिनोन्महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या बाहेर पडतात. पिंप आतून काथ्याने खसखसून घासायचं ते यासाठी.

रविवारी सकाळी नऊला दोघं-तिघं निघा, गच्चीपासून सुरुवात करून खाली या. सिडकोच्या जुन्या इमारतींत गळतीसाठी गच्चीवर निळी ताडपत्री टाकलेली असते, तिच्या घड्यांत वाटी-वाटी पाणी साचतं. टाकीचं झाकण तुटलेलं असतं किंवा बाजूला सरकलेलं. पत्र्याच्या शेडवर टाकलेलं जुनं टायर. मग घराघरांत: कुंडीखालची ताटली, मनीप्लांटची बाटली, एसीच्या नळीखालची बादली, आणि फ्रिजच्या मागचा ट्रे. हा ट्रे कुणालाच माहीत नसतो. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका दादांनी पैजेवर सांगितलं, आमच्या घरी थेंबभर पाणी साचत नाही. फ्रिज पुढे ओढला, ट्रेवर टॉर्च मारला. कॉमाएवढ्या अळ्या पृष्ठभागाला शेपटीने उलट्या लटकलेल्या होत्या आणि प्रकाश पडताच वळवळत तळाकडे पळाल्या. दादा काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारपासून टॉर्च त्यांच्या हातात असतो.

अळी उलटी, तिरकी लटकलेली दिसली तर ती बहुधा एडिसची किंवा क्युलेक्सची. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असेल तर अ‍ॅनोफिलीसची, म्हणजे मलेरियाची. आपल्या शहरात हा डास गच्चीच्या टाक्यांत आणि बांधकामांवर वाढतो: स्लॅबवर सोडलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, मजुरांची उघडी पिंपं. रिकामी करता येत नाहीत अशा हौदांसाठी आरोग्य केंद्राकडे गप्पी मासे मागा. बांधकामावर स्वतः भांडायला जाऊ नका, फोटो आणि पत्ता विभाग कार्यालयाला कळवा.

धूरफवारणी झाली की लोक निश्चिंत होतात. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळीला त्याचं काही होत नाही. फवारणीची मागणी जरूर करा, पण तिच्या भरवशावर रविवार सोडू नका.

४. ताप आला की

तुम्ही डॉक्टर नाही, तेव्हा गोळी सुचवू नका. तुमचं काम तापाच्या माणसाला पहिल्या-दुसऱ्या दिवशीच रक्त तपासायला नेणं. मलेरियाची तपासणी महापालिकेच्या केंद्रात मोफत होते. डेंग्यूचा संशय असताना आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून मेडिकलमधून "अंगदुखीची एखादी गोळी" आणून देण्याचं प्रेम आवरा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, पेज, ताक, सरबत.

डेंग्यूत फसगत होते ती ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप खाली येतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमकं तेव्हाच काही रुग्णांचं बिघडतं. पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, खूप गळून जाणं किंवा अस्वस्थ होणं, हात-पाय गार पडणं. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच रुग्णालय गाठायचं. म्हणून वहीत तापाचा पहिला दिवस लिहून ठेवा आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी न चुकता दार वाजवा. पपईच्या पानांचा रस काढण्यात जो वेळ जातो, तो या फेऱ्यांना द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मलेरियात वेगळी गंमत होते, म्हणजे गंमत नव्हे, त्रास. विवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचा गोळ्यांचा कोर्स सहसा १४ दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेली पट्टी ड्रॉवरमध्ये जाते, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी यकृतात दडून बसलेला परजीवी पुन्हा ताप आणतो. शेजारणीसारखं विचारा, "आज कितवी गोळी?" पट्टी बघायला मागा. लोक रागावत नाहीत.

५. बंद दारामागचं घर

संसर्गजन्य आजारात एखादं घर आठ-पंधरा दिवस बंद राहतं. त्या घराला काय लागतं याची आमची यादी अनुभवातून झाली: दूध, भाजी, औषधं, गॅस सिलिंडर, कचरा, आणि रोज एक फोन. पिशवी दाराच्या कडीला अडकवायची, बेल वाजवायची, चार पायऱ्या खाली उतरायचं आणि दार उघडलेलं बघूनच जायचं. दार उघडलं नाही तर तो निरोप असतो, तिथे थांबायचं. वरच्या मजल्यावरच्यांनी बाल्कनीतून दोरीला बादली बांधून सोडली तर आणखी सोपं.

पैशांचा हिशेब त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका. "राहू द्या हो" म्हणालात तर दुसऱ्या वेळी ते काही मागणार नाहीत.

फोन दुपारी चारच्या सुमाराला करा. सकाळी सगळे विचारतात, रात्री मुलं बोलतात, दुपार रिकामी असते. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र) दिला असेल तर पाच मिनिटं शांत बसून, नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या बोटाला लावायला सांगा. कोरोनासारख्या आजारात आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवायचं. आवाजात हताशपणा वाटला, माणूस झोपत नसेल, रडत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक द्या. तिथे मराठीतही बोलता येतं. नंबर नुसता पाठवू नका, फोन लागेपर्यंत सोबत राहा.

एक गोष्ट अजून सलते. कोरोनाच्या त्या वर्षी आमच्याच भागातल्या एका सोसायटीने रुग्णालयात काम करणाऱ्या भाडेकरू नर्सला जिना वापरायच्या वेळा ठरवून दिल्या होत्या. ती दिवसभर रुग्ण सांभाळून यायची आणि गेटपाशी घड्याळ बघत थांबायची. असं तुमच्याकडे होताना दिसलं तर कमिटीच्या बैठकीत उभं राहून बोला. एकटं बोलायला अवघड जातं, म्हणून आधी तीन घरं तयार करून जा.

६. रात्रीचा फोन

रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करताना आधी नोडचं नाव सांगा, मग सेक्टर. नवी मुंबईत वाशीतही सेक्टर ७ आहे, कोपरखैरणेतही आहे. घाबरलेला माणूस नुसतं "सेक्टर सात" म्हणतो आणि गाडी भलतीकडे जाते. त्यानंतर ओळखीची खूण, इमारतीचा नंबर, मजला, लिफ्ट आहे की नाही. एक जण कोपऱ्यावर टॉर्च घेऊन उभा राहील.

चार मजली बिनलिफ्टच्या इमारतींत जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. हात असलेली मजबूत खुर्ची कुणाकडे आहे ते वहीत लिहून ठेवा. माणसाला खुर्चीत बसवून चादरीने कमरेला बांधायचं, तोंड उताराकडे ठेवायचं. एकाने पाठ धरायची, एकाने पुढचे पाय, आणि तिसऱ्याने पुढे राहून पायऱ्या मोजायच्या. एखाद्या निवांत संध्याकाळी तरुण मुलाला बसवून सराव करा. पडून हाड मोडलं असेल तर मात्र हलवू नका, रुग्णवाहिकेतल्या लोकांना येऊ द्या.

७. नंबर पुढे ढकलण्याआधी लावून बघा

एप्रिल २०२१ मध्ये मी ऑक्सिजन बेडच्या नंबरांची एक यादी जशी आली तशी पुढे पाठवली. रात्री एक ओळखीचा मुलगा त्यातले सगळे नंबर लावत बसला होता. निम्मे बंद, काही दुसऱ्याच शहरातले. त्याचे दोन तास माझ्यामुळे गेले. त्यानंतर नियम केला: नंबर आधी स्वतः लावायचा, आणि पाठवताना "आज सायंकाळी ६.१० ला बोलले, चालू आहे" असं लिहायचं. ते जमत नसेल तर पाठवायचं नाही. औषध-उपचारांचे निरोप आले की आरोग्य केंद्रात विचारायचं, किंवा १०४ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर.

काही गोष्टी थोडक्यात. जुलाबाच्या साथीत इमारतीची टाकी कधी धुतली ते बघा, पाणी खळखळून उकळायला सांगा. ओआरएसचं एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं आणि २४ तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ.

पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांना, विशेषतः पायाला जखम असलेल्यांना, ताप यायची वाट न बघता डॉक्टरांकडे पाठवा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) साथ आली होती. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात, आणि ती वेळेत द्यावी लागते.

रक्तदान: वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषांना ९० दिवसांनी, स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. साथीत शिबिरं रद्द होतात, थॅलेसेमियाच्या मुलांना लागणारं रक्त मात्र थांबत नाही. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे एकाच दिवशी शंभर जणांनी रांग लावण्यापेक्षा पाळीपाळीने गेलेलं बरं. अलीकडे ताप येऊन गेला असेल तर तिथे स्पष्ट सांगा.

वर्गणी गोळा केलीत तर दोन माणसांच्या सह्या, रोजचा हिशेब जिन्यात चिकटवलेला.

स्वतःचं

ताप-खोकला असेल त्या दिवशी काम बंद. लस घेतलेली असावी, बंद जागेत चांगला मास्क, आणि रुग्णाच्या घरात शिरायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. पंधरा दिवस काम केलं की वही दुसऱ्याच्या हातात द्या. मी २०२१ मध्ये दिली नाही, आणि शेवटी तीन आठवडे अंथरुणाला खिळले. त्या काळात वहीतलं अक्षर कुणाला वाचता येईना. तेव्हा अक्षर सुवाच्य काढा.

साथ ओसरली की दिलेल्या वस्तू परत गोळा करा. काठ्या, कमोड चेअर, वाफ घ्यायची भांडी धुऊन उन्हात ठेवा. आजारांच्या नोंदींची पानं फाडून टाका, फोन नंबरांची पानं ठेवा. एखादं घर टीबीच्या औषधांवर असेल आणि त्यांची तयारी असेल, तर आरोग्य केंद्रात निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवून त्या रुग्णाच्या आहाराची सहा महिन्यांची जबाबदारी घेता येते. ही योजना २०२२ पासून आहे. आणि ऑक्सिमीटर डब्यात ठेवण्याआधी त्यातले सेल काढा. ते आत गळले तर पुढच्या वेळी, नेमकं लागेल तेव्हा, यंत्र उघडणार नाही.